खंबीर राहा म्हणणाऱ्यांनो, जरा शेजारी बसा

कुणाच्या घरी मोठं आजारपण आलं, नोकरी गेली, कर्ज डोक्यावर बसलं, तरणाताठा पोरगा गेला, की आपल्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, पहिलं वाक्य कुठलं येतं हे सगळ्यांना पाठ आहे. "विश्वासात खंबीर राहा." मग बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं ते परीक्षा आल्या की आनंद माना वालं वचन, सूर्योदयाच्या फोटोवर टाकून व्हॉट्सॲपवर येतं, खाली हात जोडलेले इमोजी, आमेन आमेन आमेन, आणि संध्याकाळपर्यंत ग्रुप कुणाच्या तरी वाढदिवसाकडे वळलेला असतो. वचनावर माझा आक्षेप नाहीये, वचन खरंच आहे. आक्षेप आहे तो ते वचन पाठवून मोकळं होण्यावर.

मला काय म्हणायचंय ते आधीच सांगतो. ख्रिस्ती माणसाने संकटात विश्वास सोडू नये हे मलाही शंभर टक्के मान्य आहे, त्यात काही डावं उजवं नाही. पण टिकून राहणं हे काम त्या एकट्या पिचलेल्या माणसाचं आहे असं जे आपण धरून चाललोय ते बायबलमधे कुठेच नाही. ते काम सगळ्या मंडळीचं आहे, आणि जी मंडळी पैशाने, वेळाने, प्रसंगी पोलीस स्टेशनला सोबत येऊन ते काम करत नाही तिने दुसऱ्याला खंबीर राहा म्हणू नये.

बायबलमधलं ईयोबाचं, म्हणजे दोष नसताना सगळं गमावलेल्या माणसाचं, पुस्तक आपण फार वाचतो पण त्याच्या मित्रांकडे नीट बघत नाही. अलीफज, बिल्दद, सोफर हे तिघं आले, त्याची अवस्था बघून रडले, आणि सात दिवस सात रात्री एक शब्द न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. सबंध पुस्तकात त्यांनी केलेलं एवढंच काम धड आहे. त्यानंतर तोंडं उघडली आणि सगळं बिघडलं, तू काहीतरी पाप केलं असशील, देव उगाच कुणाला मारत नाही, पश्चात्ताप कर म्हणजे सगळं परत मिळेल. सगळं शुद्ध धार्मिक बोलणं, आणि शेवटी देव काय म्हणतो, तर तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. आणि ईयोब काय बोलला होता? जन्मदिवसाला शिव्या घातल्या होत्या, देवाला कोर्टात खेचायची भाषा केली होती! म्हणजे तक्रार करणारा देवाला चालला आणि देवाची वकिली करणारे चालले नाहीत.

हे तिघं मित्र आजही गावोगाव स्टेजवर उभे असतात. प्रार्थनेने आजार बरे करायची चंगाई सभा म्हणजे काय हे नगर, जालना, संभाजीनगरकडच्या लोकांना सांगायला नको. प्रार्थनेने बरं होतं यावर माझाही विश्वास आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो बरं न होणाऱ्याचं पुढे काय होतं त्यावर. शुगर असलेल्या बाईला सांगायचं आता गोळी घेतलीस तर तो अविश्वास, टीबीच्या पेशंटचा कोर्स अर्धवट सोडायला लावायचा, आणि तब्येत ढासळली की म्हणायचं बहिणी तुझा विश्वास कमी पडला. आजार तर आजार, वर आजाराचा दोष पण तिच्याच गळ्यात. टीबीची औषधं मधेच सोडली तर तो औषधांना दाद देत नाही हे गावातली आशाताई पण सांगते, मग हा नुसता आध्यात्मिक प्रश्न राहतो का? मंडळीतल्या जबाबदार माणसांनी यावर उघड बोलायला पाहिजे आणि ते बोलत नाहीत, कारण तशा सभांना गर्दी होते.

खरं तर प्रेषित पौलाकडे बघितलं तरी पुरे. त्याच्या शरीरात काटा होता, तीन वेळा विनंती केली, काढला गेला नाही. त्याच्या तरुण सोबत्याचं, तीमथ्याचं पोट सारखं बिघडायचं तर त्याला तो विश्वास वाढव म्हणत नाही, थोडा द्राक्षारस घेत जा म्हणतो, म्हणजे त्या काळातलं घरगुती औषधच. आणि त्रोफिम नावाचा सोबती आजारी पडला तर त्याला मिलेतात मागे ठेवून पुढे गेला असं सरळ लिहिलंय. बाकी लोकांना बरं करणाऱ्या पौलाचा स्वतःचा माणूस आजारीच राहिला, आणि त्रोफिमाचा विश्वास कमी होता असं कुणी म्हणत नाही. या ओळीवर प्रवचन मी तरी आजवर ऐकलेलं नाही.

आपल्या उपासनेत रडायला जागाच नाही, हे दुसरं. देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायची साक्षीची वेळ असते, पण साक्ष द्यायला कोण उभं राहतं? ज्याचं ऑपरेशन सक्सेस झालं तो, ज्याच्या मुलाला व्हिसा मिळाला तो. ज्याचं ऑपरेशन फसलं तो मागच्या बाकावर, आणि त्याला कुणी माईक देत नाही, आणि दिलाच तर तो पण काहीतरी गोड बोलून खाली बसतो कारण तेच अपेक्षित असतं. पण स्तोत्रसंहिता उघडून बघा ना, कितीतरी स्तोत्रं सरळ तक्रारीची आहेत, किती वेळ मला विसरणार, तोंड का लपवतोस असली. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळ पण नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. येशूने वधस्तंभावर तोंडात घेतलं ते २२ वं स्तोत्र, माझ्या देवा तू माझा त्याग का केलास. तेव्हा रडणारा, देवाशी भांडणारा माणूस विश्वासातून ढळलेला नसतो, भांडायला तरी तो देवाकडेच गेलेला असतो. काळजी करायची तर जो एकदम गप्प झालाय, उपासनेला यायचा बंद झालाय, त्याची करा.

आता पंडिता रमाबाई. त्यांचं नाव आपण स्त्रीदिनाला घेतो आणि फोटोला हार घालतो. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण गेले, भाऊ बरोबर घेऊन पायी देशभर फिरल्या, १८८० मधे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्ष पण झाली नव्हती तर १८८२ मधे नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात लहान मनोरमा. १८८३ मधे इंग्लंडला वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. आणि तिथे काय केलं? ज्या सिस्टरनी आसरा दिला त्यांच्याशीच धर्मशिक्षणावरून पत्रापत्री करून वाद घातला, मला पटल्याशिवाय मी मानणार नाही म्हणून. कान अधू झाले म्हणून डॉक्टर व्हायचं स्वप्न सुटलं. इकडे आल्यावर शारदा सदन या त्यांच्या विधवा-मुलींच्या शाळेवरून पुण्यात वादळ झालं, १८९३ मधे पालकांनी मुली काढून घेतल्या. म्हणजे हिंदू समाज म्हणे ही बाटली, मिशनरी म्हणत ही फार प्रश्न विचारते. अशा दुहेरी कात्रीत ही बाई टिकली.

पण ती टिकली कशी याचा विचार करताना आपण तिला एकटी तपस्विनी करून टाकतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तिथून तीनशेच्या आसपास मुली-बायका आणल्या, प्लेगच्या नियमांमुळे पुण्यात ठेवता येईना म्हणून केडगावला जमिनीवर नेल्या. तिथे विहिरी खणल्या, शेती, फळबाग, विणकाम, छापखाना. १९०० च्या दुष्काळानंतर केडगावच्या या मुक्ती मिशनमधली माणसं जवळपास दोन हजारांच्या घरात गेली. दुष्काळात सगळं गमावलेल्या बाईने दुसऱ्या दुष्काळातल्या मुलींना नुसतं खंबीर राहा सांगितलं नाही, आधी भाकरी, मग पाणी, मग हाताला काम, आणि या सगळ्याच्या सोबतीने प्रार्थना. १९२१ मधे मनोरमा गेली, म्हणजे शेवटचं माणूस पण गेलं, तरी म्हातारपणी बायबलच्या भाषांतराचं काम हातावेगळं केलं आणि एप्रिल १९२२ मधे देवाघरी गेल्या. तोवर ज्या मुलींना त्यांनी आधार दिला त्याच मुली मोठ्या होऊन मुक्तीचं काम उचलत होत्या. हे देणंघेणं दोन्हीकडून होतं, आपण फक्त एकच बाजू सांगतो.

जाता जाता लक्ष्मीबाई टिळकांचं. १८९५ मधे त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा या बाईवर आकाश कोसळलं, काही वर्ष नवऱ्यापासून दूर काढली, रडून आजारी पडल्या, आणि १९०० मधे स्वतःच्या पावलाने, स्वतःला पटलं तेव्हा ख्रिस्ती झाल्या. आजच्या एखाद्या उत्साही पास्टरने त्यांना पहिल्याच महिन्यात पुढे बोलावून हात वर करायला लावला असता. असो.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा अकरावा अध्याय काढा. अंत्युखियात शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा मिळालं हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, पण लगेच पुढे काय येतं ते सांगत नाही. अगब नावाचा संदेष्टा म्हणतो मोठा दुष्काळ पडणार, आणि अंत्युखियाची मंडळी प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे वर्गणी काढून यहूदीयातल्या भावांना पाठवते. ज्यांना कधी बघितलं पण नव्हतं त्यांना! नाव मिळाल्या मिळाल्या पहिलं काम हे. मराठवाड्यात पाऊस गेला, सोयाबीनला भाव नाही, अशा वर्षी मुंबई-पुण्याच्या खात्यापित्या मंडळ्यांनी जालन्या-बीडकडच्या छोट्या मंडळ्यांसाठी काय पाठवलं याचा हिशोब कुणी मागितला तर अवघड होईल.

आता जरा नाजूक विषय, जो आपण चर्चच्या आवारात हळू आवाजात बोलतो. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाप्रमाणे सवलती आधी फक्त हिंदूंना होत्या, मग १९५६ मधे शीख आले, १९९० मधे बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. जात मात्र बाप्तिस्म्याने सुटत नाही, गावात विचारा. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मधे ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं, काही झालं नाही, २०२२ मधे बालकृष्णन आयोग नेमला. मधल्या काळात नोव्हेंबर २०२४ मधे सुप्रीम कोर्टाने पुद्दुचेरीच्या एका बाईच्या केसमधे म्हटलं की मनाने ख्रिस्ती असून फक्त सवलतीसाठी हिंदू म्हणवणं ही घटनेशी फसवणूक आहे. तर परिणाम असा की आपल्याकडे कित्येक घरं कागदावर एक आणि रविवारी एक अशी जगतायत. आणि मग कन्व्हेन्शनला, म्हणजे मंडळीच्या मोठ्या सभेला, बाहेरून आलेला वक्ता, ज्याचं आडनाव आणि बँक बॅलन्स दोन्ही सेफ आहे, तो गरजतो की सर्टिफिकेटसाठी प्रभूला नाकारणारे म्हणजे येशूला धरून देणारे यहूदा आहेत.

या गर्जना करणाऱ्यांना इसवी सन २५० मधली गोष्ट सांगावी वाटते. रोमचा बादशहा डेशियस, त्याने हुकूम काढला की सगळ्यांनी देवतांना अर्पण करायचं आणि तसं सर्टिफिकेट घ्यायचं. हो, सर्टिफिकेटच, इजिप्तच्या वाळूत त्यातली काही सापडली पण आहेत. किती तरी ख्रिस्ती घाबरले, कुणी अर्पण केलं, कुणी अर्पण न करताच लाच देऊन कागद मिळवला. छळ थांबल्यावर हे लोक परत दारात आले. रोममधे नोव्हेशियन नावाचा पाळक म्हणाला यांना कधीच आत घेऊ नका. कार्थेजचा बिशप सिप्रियन, जो स्वतः छळाच्या वेळी लपून राहिला होता, आणि त्याबद्दल टोमणे पण खाल्ले होते, त्याने आणि बाकी बिशपांनी मिळून ठरवलं की प्रत्येकाची परिस्थिती बघायची, पश्चात्तापाला वेळ द्यायचा, पण दार बंद करायचं नाही. पुढे २५८ मधे त्याच सिप्रियनने विश्वासासाठी मान दिली. म्हणजे एकदा पळालेला माणूस पुढे उभा राहू शकतो, त्याला परत यायला वाट ठेवली तर. येशूचा शिष्य पेत्र, त्याचं वेगळं काय होतं? ज्याने शेकोटीजवळ तीनदा नाकारलं त्यालाच माझी मेंढरं चार म्हणून सांगितलं गेलं.

कागदाचं हे दुटप्पीपण बरोबर आहे असं मी म्हणत नाही. ते आतून खातं माणसाला. पण ज्याच्या मुलीची स्कॉलरशिप गेली तर तिची फी मंडळी भरणार आहे का, या प्रश्नाचं उत्तर नाही असेल तर पुलपिटवरून तिच्या बापाला यहूदा म्हणणं मला भ्याडपणाचं वाटतं. आधी शिक्षण फंड काढा, १९५० च्या आदेशाविरुद्ध लढणाऱ्यांच्या मागे उभे राहा, मग बोला.

आणि बाहेरून येणारा त्रास. जानेवारी २०२५ मधे सुप्रीम कोर्टात एक केस आली, छत्तीसगडमधल्या बस्तरच्या एका ख्रिस्ती मुलाला आपल्या पास्टर वडिलांना गावात पुरायचं होतं, घरातली आधीची माणसं तिथेच पुरलेली, पण गावाने विरोध केला. जवळपास तीन आठवडे बापाचं शव शवागारात. दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, शेवटी वीस-पंचवीस किलोमीटर लांब ख्रिस्ती दफनभूमीत पुरायला सांगितलं. त्या मुलाला तुम्ही कुठलं वचन पाठवणार? त्याला वकील लागला, पैसे लागले, सोबत लागली, आणि तो शेवटपर्यंत गेला यालाच मी खंबीर राहणं म्हणेन.

अशा वेळी आपल्याकडे लगेच ग्लॅडिस स्टेन्सचं उदाहरण निघतं. १९९९ मधे ओडिशातल्या मनोहरपूरला तिचा मिशनरी नवरा ग्रॅहम स्टेन्स आणि दोन लहान मुलं, फिलिप आणि टिमथी, गाडीत झोपलेले असताना जाळले गेले, आणि त्या बाईने जाहीर क्षमा केली, पुढे काही वर्ष बारिपद्याला कुष्ठरोग्यांचं काम पण चालू ठेवलं. त्यापुढे मान खालीच जाते. पण ती क्षमा तिची होती, तिने दिली. ती दुसऱ्या कुणाकडून मागायचा अधिकार आपल्याला नाही. ज्याची प्रार्थनासभा फोडली त्याला पहिल्याच दिवशी क्षमा कर, केस करू नको, साक्ष बिघडेल असं सांगणारे लोक मी बघितलेत. पौलाने स्वतः रोमी नागरिकत्व पुढे केलं होतं, फटके मारायच्या आधी शताधिपतीला विचारलं होतं हे कायद्यात बसतं का, कैसराकडे अपील केलं होतं. धर्मस्वातंत्र्याचं, घटनेतलं २५ वं कलम आपल्यासाठी पण आहे, एफआयआर करणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे.

याच पौलाचं तुरुंगातलं पत्र बघा, मरण समोर दिसतंय, मी सुस्पर्धा केली वगैरे सुंदर वाक्यं लिहिलीत, आणि त्याखाली लिहितो की त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तकं आण, हिवाळ्याआधी ये. एवढ्या मोठ्या प्रेषिताला थंडी वाजत होती आणि माणूस हवा होता. फादर स्टॅन स्वामी भीमा कोरेगाव प्रकरणात तळोजा जेलमधे होते, ८० च्या पुढचं वय, पार्किन्सन्सने हातात पेला धरवत नाही, तर स्ट्रॉ आणि सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागला. खटला चालून काही सिद्ध व्हायच्या आधीच ५ जुलै २०२१ ला मुंबईत गेले. जेलमधून त्यांनी लिहिलेल्या पत्रात काय आहे, तर सोबतचे कैदी मला जेवायला मदत करतात, अंघोळ घालतात, कपडे धुतात, गुडघे चोळून देतात, आणि त्यातले दोघं अगदी गरीब घरातले आहेत, सोबतच्यांसाठी प्रार्थना करा. आयुष्यभर आदिवासींसाठी राबलेला जेझुइट पण शेवटी दुसऱ्याने भरवलेल्या घासावर टिकून होता, आणि ते लिहायला त्याला कमीपणा वाटला नाही.

यावर मला दोन गोष्टी नेहमी ऐकवल्या जातात. एक, की छळाने मंडळी वाढतेच, रक्त हे बी आहे. हे वाक्य तर्तुल्यान या जुन्या ख्रिस्ती लेखकाचं, तोही सिप्रियनसारखा कार्थेजचाच. पण त्याच कार्थेजमधली, त्या सगळ्या उत्तर आफ्रिकेतली मंडळी पुढच्या काही शतकांत जवळजवळ नाहीशी झाली हे पण इतिहासातच आहे. बी पेरलं म्हणजे उगवतंच असं नाही हे शेतकऱ्याच्या पोरांना काय सांगायचं. तेव्हा दुसऱ्याच्या छळाचं कौतुक लांबून करू नये.

दुसरी, की हे सगळं समाजकार्य झालं, देवावर भरवसा कुठे आला यात. मला ही विभागणीच कळत नाही. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मला मरू दे म्हणाला तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं, आणि मग वाट लांब आहे म्हणाला. देवच असं करत असेल तर आपण का लाजायचं? भरवसा देवावरच ठेवायचा, पण तो देव बऱ्याचदा डबा घेऊन येणाऱ्या शेजारणीच्या रूपाने येतो, आणि ती शेजारीण आलीच नाही तर एखाद्याला देवच आला नाही असं वाटलं तर त्याला दोष कसा देणार.

म्हणून आमच्या पास्टरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीत, यंदा मी बजेटच्या वेळी बोलणार आहे. कन्व्हेन्शनचा मांडव, साऊंड, वक्त्याचं विमानाचं तिकीट याच्यावर किती आणि आजारपण, फी, कोर्टकचेरीवर किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून वाचायचे. डायलिसिसवाल्यांना आळीपाळीने कोण घेऊन जाणार त्याची यादी नोटीस बोर्डवर लावायची, एका ख्रिस्ती नसलेल्या वकिलाने फुकट सल्ला द्यायची तयारी दाखवलीय त्याचा नंबर सगळ्यांकडे असायला हवा, आणि महिन्यातून एका रविवारी साक्षीच्या वेळेत ज्यांची प्रार्थना अजून ऐकली गेलेली नाही त्यांना माईक द्यायचा. शेवटच्यावर सगळ्यात जास्त भांडण होणार हे मला आत्ताच दिसतंय, पैशापेक्षा पण जास्त.